तंजावरचे सरफोजी राजे आणि इसापच्या गोष्टी

कोल्ह्याला द्राक्षं आंबट लागली, ही गोष्ट हॉस्टेलमधल्या प्रत्येकाला येते. आम्ही कॉन्व्हेंटवाल्यांनी ती इंग्रजीतून वाचली, बाकीच्यांनी मराठीतून. गोष्ट मुळात ग्रीसची, इसापच्या नावावर अडीच हजार वर्षं सांगितली जाणारी. पण इसापच्या गोष्टी मराठीत पहिल्यांदा छापल्या गेल्या कुठे? पुण्यात नाही, मुंबईतही नाही. थेट तामिळ मुलखात, तंजावरला! आणि छापून घेणारे होते भोसले घराण्यातले सरफोजी राजे (दुसरे).

तंजावरला भोसले कुठून आले, असं कोणी विचारेल. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी राजे यांनी सतराव्या शतकात तिथे गादी स्थापन केली. पुढच्या पिढ्या तिथेच वाढल्या. बाहेर तामिळ, दरबारात मराठी.

सरफोजींचा जन्म १७७७ चा. तुळजाजी राजांना वारस नव्हता, म्हणून त्यांनी १७८७ मध्ये या लहान मुलाला दत्तक घेतलं आणि त्याच वर्षी ते वारले. गादीवर बसले तुळजाजींचे सावत्र भाऊ अमरसिंग. मुलाला एका खोलीत जवळजवळ कोंडून ठेवलं, शिकवायला कोणी नाही. राजपुत्र आणि अडाणी! तुळजाजींनी मरताना हा मुलगा श्वार्ट्झ नावाच्या जर्मन पाद्र्यावर सोपवला होता. त्या म्हाताऱ्या पाद्र्याने कंपनी सरकारकडे धोशा लावला आणि १७९३ मध्ये मुलाला मद्रासला हलवलं. तिथे त्यांचं शिक्षण सुरू झालं. ते धर्म बदलून ख्रिस्ती झाले नाहीत, पण गुरूला विसरलेही नाहीत. श्वार्ट्झ १७९८ मध्ये वारले, तेव्हा राजांनी लंडनच्या फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून त्यांचं संगमरवरी स्मारक करवून घेतलं. ते तंजावरच्या चर्चमध्ये आहे.

१७९८ मध्ये कंपनीने सरफोजींना गादीवर बसवलं आणि १७९९ मध्ये तहावर सही घेऊन राज्यकारभार काढून घेतला. हातात राहिला तंजावरचा किल्ला, वर्षाला एक लाख होन आणि महसुलाचा पाचवा हिस्सा. वय बावीस. म्हणजे आपल्या फायनल इयरवाल्यांएवढं! लढाई नाही, कारभार नाही, पैसा मात्र आहे. अशा वेळी पुष्कळ संस्थानिकांनी काय केलं ते इतिहासात वाचायला मिळतं. सरफोजींनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं. धन्वंतरी महालात औषधं आणि डोळ्यांचे उपचार सुरू केले, रोग्यांच्या नोंदी चित्रांसकट ठेवल्या. १८०३ मध्ये भोसल्यांचा इतिहास बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर मराठीत कोरवून घेतला. आणि 'देवेंद्र कुरवंजी' हे मराठी नाटक लिहिलं, ज्यात भविष्य सांगणारी बाई चक्क जगाचा भूगोल सांगते. (आमच्या शाळेत भूगोल असा शिकवला असता तर!)

पण मला सगळ्यात मोठं वाटतं ते त्यांचं छापखान्याचं काम. १८०५ मध्ये त्यांनी देवनागरी अक्षरांचा छापखाना काढला. इंग्रजीचं काम थोडक्या खिळ्यांवर भागतं. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांट्या, त्यात जोडाक्षरं, म्हणजे खिळे शेकड्यांनी लागतात. प्रत्येक अक्षर उलटं कोरायचं आणि हाताने जुळवायचं. एवढा खटाटोप करून जे छापलं त्यात लहान मुलांचं पुस्तक होतं. १८०६ च्या सुमारास सख्खन पंडितांनी इसापच्या गोष्टी मराठीत उतरवल्या आणि 'बालबोध मुक्तावली' छापली गेली. मराठीतलं पहिलं छापील बालपुस्तक म्हणून तिचं नाव घेतात. नावही किती नेमकं! बालबोध म्हणजे मुलाला समजेल असं, आणि बालबोध म्हणजे आपली देवनागरी लिपीसुद्धा. तेव्हा रोजचं लिखाण मोडीत चाले. ती घाईची, वळणावळणाची लिपी. नुकतं वाचायला लागलेल्या पोराला सुटं सुटं अक्षरच हवं.

आणि परक्या देशाच्या गोष्टी तरी किती परक्या? सिंहाचं कातडं पांघरलेलं गाढव इसापात आहे, आपल्या पंचतंत्रात ते वाघाचं कातडं पांघरतं. ओरडलं की दोन्हीकडे मार खातं!

आमच्या फुलसावंगीकडे तांड्यावरची मुलं घरी गोरमाटी बोलतात, गावातली वऱ्हाडी बोलतात आणि पहिलीच्या पुस्तकात भेटते तिसरीच मराठी. पोरगं अक्षर ओळखतं, पण वाक्यापाशी अडतं. गाढव किंवा कावळा आला की तेच पोरगं चित्र बघून पुढचं स्वतः सांगू लागतं. हे मी सुट्टीत माझ्या चुलतभावाला वाचायला बसवताना पाहिलंय. म्हणून या राजाने पोथी-पुराणाआधी मुलांच्या हाती प्राणी दिले याचं मला फार कौतुक वाटतं.

मुंबईत सदाशिव काशिनाथ छत्रे, म्हणजे बापू छत्रे, यांची 'इसापनीती' आली ती १८२८ मध्ये, तंजावरनंतर वीसएक वर्षांनी. मराठी मुलुखाला इसाप कळला तो मुख्यतः त्यांच्यामुळे. तंजावरचं पुस्तक इकडे फारसं पोचलंच नाही, हे वाईट झालं.

सरफोजी राजे १८३२ मध्ये वारले. त्यांचे पुत्र शिवाजी राजे १८५५ मध्ये पुत्राविना गेले आणि कंपनीने उरलंसुरलं संस्थानही खालसा केलं. सरस्वती महाल मात्र अजून उघडा आहे. तिथल्या इंग्रजी पुस्तकांवर राजांनी स्वतःच्या हाताने केलेल्या सह्या आजही बघायला मिळतात.