पर्सी ब्रिजमन

अमेरिकेतील केंब्रिज नगरात १८८२ साली जन्मलेल्या पर्सी ब्रिजमन यांची हयात हार्वर्ड विद्यापीठात गेली. दाब वाढला की उपकरणाचे सांधे गळत. त्यांनी असा सांधा योजिला की, दाब वाढेल तसतसा तो अधिकच घट्ट बसे. १९१४ साली २०० अंश उष्णतेत, हवेच्या १२,००० पट दाबाखाली, त्यांनी पांढरा फॉस्फरस ठेवला. हवेत आपोआप पेटणारा तो पदार्थ काळा व शांत झाला. त्याचे अणू आता थरांवर थर असे रचले गेले होते. शिसपेन्सिलीतील ग्रॅफाइटही असेच थरांचे. ग्रॅफाइट आणि हिरा, दोन्ही कार्बनच! ते सैल थर परस्परांना जखडून हिरा व्हावा, म्हणून ब्रिजमन यांनी पुष्कळ वर्षे खटपट केली. पण पुरेसा दाब आणि पुरेशी उष्णता एकत्र टिकेनात. १९४६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हिरा मात्र मिळाला नाही. १९५४ साली, त्यांच्याच वाटेने पुढे जाऊन, इतर अमेरिकन संशोधकांनी कार्बनापासून हिरा घडविला. तेव्हा ब्रिजमन ७२ वर्षांचे होते.