पाळकाची लेक : व्हायोलेट अल्वा

कोर्टकचेरी आणि राजकारण ही ख्रिस्ती मनुष्याची क्षेत्रे नव्हेत, असे आपल्या मंडळ्यांत पुष्कळदा ऐकू येते. व्हायोलेट अल्वा यांचे चरित्र या समजुतीला चांगले उत्तर आहे.

त्यांचा जन्म २४ एप्रिल १९०८ रोजी अहमदाबाद येथे झाला. वडील रेव्हरंड लक्ष्मण हरी हे अँग्लिकन मंडळीचे पाळक. सोळाव्या वर्षीच त्यांचे आईवडिलांचे छत्र हरपले. परंतु थोरल्या भावंडांनी धाकट्या बहिणीचे शिक्षण थांबू दिले नाही. मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयात शिकून त्या पदवीधर झाल्या आणि पुढे कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाल्या.

१९३७ साली त्यांचा विवाह जोकिम अल्वा यांच्याशी झाला. तेही वकील, पत्रकार व स्वातंत्र्यलढ्यातील कार्यकर्ते; पंथाने कॅथलिक. १९४३ साली व्हायोलेटबाईंना अटक झाली, तेव्हा पाच महिन्यांचे तान्हे बाळ घेऊन त्या आर्थर रोडच्या तुरुंगात गेल्या. पुढच्याच वर्षी उच्च न्यायालयाच्या पूर्ण न्यायपीठापुढे खटला चालविणाऱ्या त्या भारतातील पहिल्या महिला वकील ठरल्या.

१९४८ ते १९५४ या काळात त्या मुंबईच्या बाल न्यायालयाच्या अध्यक्षा होत्या. वाट चुकलेली, कोणी वाली नसलेली मुले अशा न्यायालयापुढे येतात. जिने स्वतः पोरकेपण सोसले, तिच्याच हाती या लेकरांचा न्याय सोपविला गेला!

१९५२ साली त्या राज्यसभेवर निवडून आल्या. त्याच वर्षी जोकिम लोकसभेत गेले. संसदेतील हे पहिले दांपत्य. १९५७ साली त्या केंद्रात गृहखात्याच्या उपमंत्री झाल्या आणि १९६२ साली राज्यसभेच्या पहिल्या महिला उपसभापती. दोन्ही बाजूंना बोलू देणे आणि सभागृहाची शिस्त राखणे, हे काम त्यांनी सात वर्षे केले.

१९६९ साली उपराष्ट्रपतिपदाच्या उमेदवारीसाठी त्यांना पक्षश्रेष्ठींचा पाठिंबा मिळाला नाही. नोव्हेंबरात त्यांनी उपसभापतिपदाचा राजीनामा दिला आणि थोड्याच दिवसांत, २० नोव्हेंबरला, त्यांचे देहावसान झाले. २००८ साली टपाल खात्याने या पतिपत्नींचे तिकीट काढले.

शेवटचे पद त्यांच्या हाती आले नाही, म्हणून आधीची सेवा उणी ठरत नाही. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी ही हकिकत मुलांना अवश्य सांगावी. वर्गातील एखादे पोरके लेकरू ती अधिक लक्ष देऊन ऐकेल.