हवाईयन गिटारचे मूळ पुरुष : जोसेफ केकुकू

आमच्या मंडळाच्या कपाटात झांजा, लेझीम आणि जुन्या नाटकांतल्या दाढीमिशांच्या डब्यामागे दोन हवाईयन गिटारी आहेत. एक लाकडी, पोकळ पोटाची, कलकत्त्याहून आलेली. दुसरी म्हणजे नुसती एक जाड फळी, तिला तीन पाय आणि तारांखाली विजेचा पिकअप. दोन्ही रेल्वेतून निवृत्त झालेल्या सभासदांनी मंडळाला दिलेल्या. यंदा वर्गणीतून दुरुस्तीपुरते पैसे उरले ते एकीपुरतेच, आणि नागपूरला कोणती पाठवायची यावर आम्ही आषाढापासून वाद घालत आहोत. लाकडीवाल्यांचा एक गट, विजेवाल्यांचा दुसरा. या वादात एक गोष्ट मात्र उघडी पडली. हे वाद्य आम्ही लहानपणापासून गणपतीच्या मंडपात ऐकत आलो, पण ते प्रथम वाजवले कोणी, हे एकालाही सांगता येईना. मग शोधाशोध केली. हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

ज्यांनी हे वाद्य जवळून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. साधी गिटार छातीशी धरतात आणि डाव्या हाताच्या बोटांनी तारा पडद्यांवर दाबतात. हवाईयन गिटार मांडीवर आडवी ठेवतात. तारा उंच असतात, दाबायच्या नसतातच. डाव्या हातातली गुळगुळीत पोलादी कांडी तारांवरून सरकवायची आणि उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून छेडायचे. म्हणून स्वर तुटत नाही, एका जागेहून दुसरीकडे घसरत जातो. आपल्याकडे गळ्यातून आणि सतारीतून जी मींड ऐकू येते, ती इथे कांडीने येते.

ही पद्धत ज्यांच्या नावावर आहे ते जोसेफ केकुकू. प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांपैकी ओआहू बेटावर लाइए नावाचे गाव आहे. तिथे २९ डिसेंबर १८७४ रोजी त्यांचा जन्म झाला. त्या वेळी हवाई हे स्वतंत्र राज्य होते, राजा होता, दरबार होता. गिटार तिथे बाहेरून आलेली होती, पण लोकांनी ती आपलीशी करून तारा आपल्या पद्धतीने जुळवल्या होत्या, सगळ्या मोकळ्या तारा एकदम छेडल्या तरी गोड वाटाव्यात अशा. पुढचे सगळे या जुळणीमुळे शक्य झाले.

गोष्ट अशी सांगतात, की १८८५ च्या सुमारास अकरा वर्षांचा जोसेफ गिटार घेऊन रुळांच्या कडेने चालला होता. वाटेत एक लोखंडी बोल्ट पडलेला दिसला, तो उचलला, आणि तो तारांना लागून घसरला. निघालेला आवाज त्याला सोडवेना. आम्ही बालाघाटची माणसे छोट्या लाईनच्या रुळांवरून शाळेत गेलेली, त्यामुळे ही गोष्ट आम्हाला भलतीच आवडली. पण आमच्यातल्या रेल्वेवाल्या काकांनी लगेच शंका काढली. ओआहूची रेल्वे कंपनीच १८८९ सालची, आणि तिचे रूळ लाइएच्या शेजारच्या काहुकूपर्यंत पोचले १८९९ मध्ये. मग १८८५ मध्ये रूळ आले कुठून? शंका रास्त आहे. दुसरी हकीकत अशी की आधी कंगवा तारांवर पडला, मग जोसेफने चाकूची पाठ लावून पाहिली. आम्हाला ही जास्त खरी वाटते, कारण तिच्यात डौल कमी आहे.

बोल्ट असो की कंगवा, तार एकदा वाजली म्हणून वाद्य होत नाही. खरे काम पुढे झाले. होनोलुलूत कामेहामेहा नावाची शाळा १८८७ मध्ये सुरू झाली होती, राजघराण्यातल्या एका राजकन्येने मृत्युपत्रात ठेवलेल्या इस्टेटीतून. तिथे मुलांना अक्षरांबरोबर हातकामही शिकवीत. जोसेफ १८८९ मध्ये तिथे दाखल झाला आणि शाळेच्या वर्कशॉपमध्ये त्याने पोलादाची कांडी घडवली. डिप्लोमाच्या वर्कशॉपमध्ये कानस चालवून ज्यांच्या हातांना फोड आले आहेत, त्यांना या कामाची किंमत कळेल. कांडीवर एक ओरखडा राहिला तरी तार खरखरते. वजन कमी पडले तर स्वर थरथरतो, जास्त झाले तर हात मंदावतो. मग तारांचा प्रश्न. आतड्याच्या तारांवर पोलाद नीट बोलत नाही, म्हणून पोलादी तारा लावल्या. त्या पडद्यांना आपटू नयेत म्हणून मानेच्या टोकाची पट्टी उंच केली. हात बसायला सात वर्षे लागली असे सांगतात. शाळेतली मुले हे शिकली, सुट्टीत आपापल्या बेटावर गेली, आणि वादन त्यांच्याबरोबर पसरले.

श्रेयाचे दुसरे दावेदारही आहेत, आणि त्यांतला एक आपल्याला थांबवणारा आहे. त्याच सुमारास होनोलुलूत गॅब्रिएल डाव्हियन नावाचा एक तरुण गिटारवर काहीतरी सरकवून वाजवीत असे आणि तो जन्माने हिंदुस्थानातला होता, अशी नोंद आहे. एका जहाजाच्या कप्तानाने त्याला पळवून आणले होते म्हणतात. आपल्याकडे आडव्या वीणेवर लाकूड सरकवून वाजवण्याची चाल जुनीच. तंजावरकडे ती पुढे आणणारे श्रीनिवासराव आणि त्यांचे चिरंजीव तिरुविडैमरुदूरचे सखारामराव हे मराठी घराण्यातले. त्यांच्या वाद्याला गोट्टुवाद्यम म्हणतात, आणि कर्नाटक संगीतातले थोर गायक सेम्मनगुडी श्रीनिवास अय्यर लहानपणी याच सखारामरावांकडे शिकले. महाराष्ट्राबाहेर राहून तिथल्या संगीतात आपली भर घालणाऱ्या घराण्याची ही हकीकत वाचून आम्हाला, म्हणजे वैनगंगेकाठच्या मराठी माणसांना, बरे वाटले हे कबूल करतो. पण तेवढ्यावर हवाईयन गिटार आपलीच, असे म्हणायला आम्ही तयार नाही. डाव्हियनने काय वाजवले ते त्याच्याबरोबर गेले. कांडी, तारा, पट्टी आणि शिष्य, हे सगळे उभे केले केकुकूंनी.

ते शिकत होते तेव्हाच त्यांचा देश हातातून गेला. जानेवारी १८९३ मध्ये राणी लिलिउओकलानी यांना गादीवरून दूर केले गेले, आणि १८९८ मध्ये अमेरिकेने बेटे आपल्याला जोडून घेतली. ही राणी स्वतः गीते रचणारी होती. राज्य गेले आणि थोड्याच वर्षांत त्या राज्याचे संगीत जिंकणाऱ्यांच्या घराघरात शिरले.

१९०४ मध्ये, तिशीच्या उंबरठ्यावर, केकुकूंनी हवाई सोडले आणि ते अमेरिकेच्या मुख्य भूमीवर गेले. तिथे वादन आणि शिकवण्या. १९१२ मध्ये न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर हवाईच्या पार्श्वभूमीचे ‘द बर्ड ऑफ पॅराडाइज’ हे नाटक आले, १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला मोठे प्रदर्शन भरले, आणि हवाईयन गिटारचे वेड अमेरिकाभर पसरले. १९१९ पासून सुमारे आठ वर्षे केकुकू या नाटकाच्या कंपनीबरोबर युरोपात फिरले. परतल्यावर काही काळ शिकागो, शेवटी न्यू जर्सीतले डोव्हर. १६ जानेवारी १९३२ रोजी, वयाच्या ५७ व्या वर्षी त्यांचा अंत झाला. १९०४ नंतर ते हवाईला परत गेले नाहीत. त्यांची कबर डोव्हरलाच आहे, लाइएपासून अर्ध्या पृथ्वीवर.

ज्या साली ते गेले त्याच साली एक नवी गिटार बाजारात आली. त्याआधी या वाद्याची अडचण एकच होती, आवाज लहान. लॉस एंजेलिसच्या वाइसेनबॉर्न यांनी हवाईच्या कोआ लाकडाची, मानही पोकळ असलेली गिटार केली. तिचा आवाज उबदार, पण मोठ्या बँडमध्ये हरवणारा. १९२७ मध्ये नॅशनल कंपनीने जर्मन सिल्व्हरच्या पेटीत ॲल्युमिनियमचे तीन पातळ शंकू बसवले. आवाज दणदणीत, जरा पत्र्याचा. आणि १९३२ मध्ये जॉर्ज बोशां यांच्या कल्पनेतून रिकनबॅकरची ओतीव ॲल्युमिनियमची गिटार आली, गोल पोट आणि लांब दांडा, म्हणून तिचे नाव पडले तळणीचा तवा. विजेवर चाललेली आणि खरोखर खपलेली जगातली पहिली गिटार ती, आणि ती मांडीवर घेऊन कांडीने वाजवायची होती! आजच्या रॉकवाल्यांना हे मुद्दाम सांगावे. तिच्यात खोड एकच, दिव्यांच्या उष्णतेने धातू फुगे आणि तारा उतरत. जुन्या वाद्यांचे शौकीन आजही या तिघींपैकी कोणती खरी यावर भांडतात. म्हणजे आमचे भांडण जागतिक आहे.

आपल्याकडे हे वाद्य आले ते तबकड्यांतून आणि हॉटेलांतल्या बँडमधून. चाळीसच्या दशकात कलकत्त्याला मुक्काम करून असलेले टाऊ मो हे वादक वाढलेले कुठे, तर त्याच लाइए गावात. कलकत्त्यात त्यांचे शागीर्द झाले, मुंबईच्या सिनेमात हजारा सिंग आणि व्हॅन शिप्ले आले, आणि ब्रिजभूषण काबरा यांनी तर त्यावर रागदारी मांडली. १९६७ ची शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबरची त्यांची तबकडी बऱ्याच वाचकांच्या घरी असेल. मंडपातल्या भावगीतांच्या धुना याच वाटेने आमच्यापर्यंत आल्या.

आमच्या वादाचा निकाल असा लागला की लाकडी गिटार नागपूरला गेली. केकुकू गेले तोवर विजेची गिटार बाजारात आलीच नव्हती, या मुद्द्यावर विजेवाले एका मताने हरले. पाचव्या दिवशी आरतीनंतर तिचे वादन ठेवले आहे. रेल्वेवाल्या काकांनी मात्र दुसरीचे तीन पाय स्वखर्चाने पॉलिश करून घेतले आहेत आणि पुढच्या वर्षीची वर्गणी आत्ताच देऊ केली आहे.