बिनचाकांची गाडी

युरोप खंडाच्या अगदी उत्तरेस नॉर्वे नावाचा एक चिंचोळा, डोंगराळ देश आहे. हिवाळ्यात तेथील शेते, रस्ते आणि रानवाटा महिनोन् महिने बर्फाखाली गडप होतात. अशा वेळी चाकांच्या गाडीचा काही उपयोग नसतो, कारण चाके बर्फात रुततात. म्हणून तेथील लोक पूर्वापार पायांस लांब लाकडी पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत जात आणि आपले सामान बिनचाकांच्या गाडीवर घालून ओढून नेत. त्या पट्ट्यांस स्की म्हणतात आणि त्या गाडीस स्लेज. शेतकऱ्याच्या अंगणातील ही साधी गाडी निरखून, तिच्यात सुधारणा करून, जो प्रदेश तोपर्यंत कोणीही ओलांडला नव्हता तो ओलांडून जाणारा पुरुष म्हणजे फ्रित्यॉफ नान्सेन.

नान्सेनचा जन्म १० ऑक्टोबर १८६१ रोजी क्रिस्तियानिया शहराजवळ झाला. या शहरास आज ऑस्लो म्हणतात. वडील वकील होते आणि शिस्तीचे कडक होते. आईस स्कीवरून फिरण्याचा मोठा छंद होता. घराच्या मागेच रान लागत असे. त्यामुळे फ्रित्यॉफचे लहानपण रानात भटकण्यात, मासे धरण्यात आणि टेकड्यांच्या उतारांवरून घसरण्यात गेले. पुढे महाविद्यालयात त्याने प्राणिशास्त्र निवडले. उघड्यावर हिंडावयास मिळेल अशी त्याची अटकळ होती. प्रत्यक्षात बर्गेन येथील संग्रहालयात सूक्ष्मदर्शकापुढे बसून बारीक जीवांच्या मज्जातंतूंचा अभ्यास करण्यात त्याची पाचसहा वर्षे गेली. तथापि त्याआधी, १८८२ साली, सील प्राण्यांची शिकार करणाऱ्या एका जहाजातून तो उत्तरेच्या समुद्रात जाऊन आला होता. ग्रीनलंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ ते जहाज बर्फात अडकले असता दूरवरचे पांढरे डोंगर त्याने पाहिले होते. ते डोंगर त्याच्या मनातून गेले नाहीत.

ग्रीनलंड हे जगातील सर्वांत मोठे बेट. त्याचा बहुतेक भाग बर्फाच्या जाड थराने झाकलेला आहे. किनाऱ्याने थोडी वस्ती होती, परंतु बेटाच्या पोटात काय आहे हे कोणासच ठाऊक नव्हते. पूर्वी ज्यांनी आत जाण्याचा प्रयत्न केला, ते वस्ती असलेल्या पश्चिम किनाऱ्याकडून निघत आणि अन्न सरू लागले की मागे फिरत. नान्सेनने उलट बेत केला. ओसाड पूर्व किनाऱ्यावर उतरावयाचे आणि पश्चिमेकडे चालत जावयाचे. मागे परतावे तर तेथे अन्न नाही, घर नाही, जहाज नाही; तेव्हा पुढे जाण्यावाचून गत्यंतरच राहणार नाही.

हा बेत ऐकून पुष्कळांनी त्यास वेड्यात काढले. सरकारने पैसा देण्याचे नाकारले. एका विनोदी पत्राने तर या प्रवाशांनी परतीचे तिकीट काढण्याचे कारण नाही, अशा अर्थाची थट्टेची जाहिरात छापली. अखेर कोपनहेगनच्या एका व्यापाऱ्याने पाच हजार क्रोनर दिले आणि मोहीम ठरली.

सहा माणसे, दोन महिन्यांचे अन्न, तंबू, चूल, शास्त्रीय उपकरणे एवढे सामान माणसांनीच ओढावयाचे होते. बरोबर कुत्री नव्हती, घोडेही नव्हते. म्हणून सारे काही गाडीवर अवलंबून होते. त्याआधीच्या ध्रुवप्रदेशातील मोहिमांत वापरलेल्या गाड्या मजबूत होत्या खऱ्या, पण अतिशय जड होत्या आणि त्यांच्या खालच्या धावपट्ट्या अरुंद होत्या. कठीण बर्फावर त्या चालत. भुसभुशीत बर्फात मात्र सुरीसारख्या आत शिरत. नान्सेनने जुन्या मोहिमांचे वृत्तांत वाचले, नॉर्वेतील खेड्यांतल्या गाड्या पाहिल्या आणि दोहोंतील गुण घेऊन नवी गाडी आखली.

तिचे मर्म समजण्यासाठी नॉर्वेस जावे लागत नाही. भिवंडी-वाड्याकडे भातलावणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात चालणाऱ्या माणसाचा पाय रुततो, पण चिखल सारखा करण्यासाठी बैलांमागे बांधलेली रुंद फळी त्याच चिखलावरून तरंगत जाते. भार तेवढाच असला तरी तो मोठ्या जागेवर पसरला म्हणजे खाली दबत नाही. नान्सेनने आपल्या गाडीस स्कीसारख्या रुंद, सुमारे नऊ सेंटिमीटरच्या धावपट्ट्या लावल्या. त्यांची टोके पुढे व मागे वर वळविलेली होती. पट्ट्यांच्या तळाला किंचित बाक होता, म्हणून गाडी कोणत्याही बाजूस सहज वळे.

याहून मोठी युक्ती सांध्यांत होती. संपूर्ण गाडीत एकही खिळा नव्हता. लवचिक लाकडाचे सारे भाग दोरीने आवळून बांधलेले होते. घर बांधताना गवंडी जी परांची उभारतात तिचे बांबूही असेच दोरीने बांधलेले असतात. म्हणून ती माणसांच्या वजनाने वाकते, करकरते, पण तुटत नाही. खिळ्याने ठोकलेली गाडी बर्फाच्या उंचवट्यांवर आपटली की सांध्यापाशी फुटते. नान्सेनची गाडी मात्र जमीन जशी वरखाली होईल तशी अंग मुरडून पुढे सरके. साडेनऊ फूट लांबीची ही गाडी अवघी बारा-तेरा किलो वजनाची होती आणि तिच्यावर शंभर किलोंच्या आसपास सामान लादता येई. अशा पाच गाड्या तयार झाल्या. अन्न शिजताना वाया जाणारी उष्णता बर्फ वितळविण्याच्या कामी यावी अशी चूलही नान्सेनने आखून घेतली, कारण बर्फाच्या त्या वाळवंटात पिण्याचे पाणी मिळण्याचा दुसरा मार्ग नव्हता.

१७ जुलै १८८८ रोजी सहाही जण जहाज सोडून होड्यांतून किनाऱ्याकडे निघाले. ऑटो स्वेर्द्रुप, ओलुफ डिट्रिक्सन आणि क्रिस्तियान क्रिस्तियानसेन हे तिघे नॉर्वेचे, तर बाल्टो व राव्ना हे दोघे उत्तरेकडील सामी जमातीचे. पहिल्याच पावलास दैव फिरले. तरंगत्या बर्फाने होड्या अडविल्या आणि प्रवाहाने त्यांस शेकडो किलोमीटर दक्षिणेकडे वाहून नेले. किनाऱ्यास पाय लागण्यास बारा दिवस लागले. मग पुन्हा उत्तरेकडे वल्ही मारीत जावे लागले. प्रत्यक्ष चढण सुरू झाली तेव्हा १५ ऑगस्ट उजाडला होता. तिकडचा उन्हाळा संपत आला होता.

चढताना पहिल्यांदा बर्फाच्या खोल भेगा लागल्या, मग ओला बर्फ आणि मग कोरडा. थंडी फार वाढली की बर्फाचे कण वाळूसारखे खरखरीत होतात आणि गाडी घसरत नाही. उत्तम गाडीचाही तेथे इलाज चालला नाही. छातीला पट्टे बांधून सहाही जण तासन् तास ओढीत राहिले. सुमारे २,७०० मीटर उंचीवर रात्रीची थंडी शून्याखाली ४५ अंशांपर्यंत जाई. रेनडिअरच्या कातड्याच्या एकेका पिशवीत तिघे तिघे शिरून झोपत. बरोबर आणलेल्या सुक्या मांसातील चरबी काढून टाकलेली निघाली, त्यामुळे पोट भरले तरी भूक भागेना. चरबीसाठी जीव नुसता तडफडे. पिण्याच्या पाण्याचीही तीच गत. छातीशी धरलेल्या बाटल्यांत बर्फ भरावा आणि अंगच्या उबेने जे चार घोट होतील ते प्यावे.

पठाराचा माथा ओलांडल्यावर वाऱ्याने साथ दिली. तेव्हा त्यांनी गाड्या जोडून बांधल्या आणि तंबूचा तळ काढून त्याचे शीड उभारले. गाड्या होडीप्रमाणे धावू लागल्या. स्वेर्द्रुप शिडापुढे उभा राहून गाडी वळवी आणि नान्सेन मागे उभा राही. एकदा निसटणारे सामान सावरता सावरता नान्सेनच खाली पडला. शिडामुळे स्वेर्द्रुपला मागचे काही दिसेना. नान्सेन आज इतका गप्प कसा, याचे नवल करीत तो पुष्कळ पुढे गेल्यावर त्यास खरा प्रकार कळला! १९ सप्टेंबरला पश्चिमेकडील जमीन प्रथम दृष्टीस पडली. त्याच संध्याकाळी वेगात धावणारी गाडी एका अवाढव्य भेगेच्या तोंडाशी आली आणि ऐन वेळी वळविल्यामुळेच वाचली.

किनाऱ्याशी पोहोचले तरी गॉडथाब हे गाव अजून दूर होते आणि मध्ये खाडी होती. नान्सेन आणि स्वेर्द्रुप यांनी तोच तंबूचा तळ घेतला, तेथील खुरट्या झुडपांच्या फांद्यांच्या सांगाड्यावर शिवून ताणला आणि साडेआठ फुटांची होडी केली. ती गळत असे व वरचेवर पाणी उपसावे लागे. पण ३ ऑक्टोबर रोजी तिने दोघांस गावी पोहोचविले. रात्री अंथरूण, दिवसा शीड आणि शेवटी होडी झालेल्या त्या कापडाच्या तुकड्याची योग्यता गाड्यांहून कमी म्हणता येणार नाही. वर्षातील शेवटचे जहाज चुकल्यामुळे त्यांनी हिवाळा तेथेच काढला. मे १८८९ मध्ये ते क्रिस्तियानियास परतले, तेव्हा स्वागतास सारे शहर लोटले होते.

पुढे नान्सेनने उत्तर ध्रुवाकडे जाण्याचा बेत केला. त्यासाठी त्याने फ्राम नावाचे जहाज बांधवून घेतले. त्याचा तळ गोल होता, म्हणून बर्फाने दाबताच ते चिरडून न जाता वर उचलले जाई. १८९३ साली ते बर्फात गोठले आणि बर्फाबरोबर सावकाश वाहू लागले. परंतु ते ध्रुवाजवळून जाणार नाही असे दिसताच नान्सेनने यालमार योहान्सेन या एकाच सोबत्यास घेऊन गाड्यांनी पुढे जावयाचे ठरविले.

२६ फेब्रुवारी १८९५ रोजी ते निघाले आणि थोडेसे अंतर गेले नाहीत तोच एका गाडीच्या आडव्या पट्ट्या मोडल्या. ते परत आले. गाड्या मजबूत करून, त्यांची संख्या वाढवून दोन दिवसांनी पुन्हा निघाले. या वेळी भार इतका झाला की पाऊल पुढे पडेना. पुन्हा परत आले. सगळे सामान उतरविले, जे वाचून चालेल ते सारे वगळले आणि १४ मार्चला तीन गाड्या व २८ कुत्री घेऊन तिसऱ्यांदा निघाले. जहाजावरील सोबत्यांदेखत दोनदा माघार घेणे कोणासही सोपे नसते. परंतु तीच मोडकी गाडी जहाजापासून दोनशे किलोमीटरांवर मोडती, तर दोघांचेही मरण ओढवले असते.

एप्रिलमध्ये ते ८६ अंश १४ मिनिटे उत्तर अक्षांशापर्यंत पोहोचले. तोपर्यंत कोणीही मनुष्य इतक्या उत्तरेस गेला नव्हता. ध्रुव तेथून सुमारे ४२० किलोमीटर राहिला होता. पण पुढे बर्फाचे कडेच्या कडे उभे होते आणि अन्न मोजके होते. नान्सेनने गाड्या दक्षिणेकडे वळविल्या. परतीचा प्रवास फार क्लेशाचा झाला. इतर कुत्र्यांस जगविण्यासाठी एकेक कुत्रे मारावे लागले. उघड्या समुद्राच्या काठी उरलेली शेवटची दोन कुत्री होड्यांतून नेता येणे शक्य नव्हते. आपले कुत्रे आपल्या हाताने मारणे दोघांसही साधेना, म्हणून दोघांनी एकमेकांच्या कुत्र्यावर गोळी झाडली.

बांबूच्या सांगाड्यावर कापड ताणून केलेल्या दोन हलक्या होड्या त्यांनी गाड्यांवरून आणल्या होत्या. पाणी लागले की गाड्या होड्यांवर चढत. फ्रान्झ जोसेफ बेटांवर दगडांची भिंत व वालरसच्या कातड्यांचे छप्पर असलेल्या खोपीत अस्वलाचे मांस खाऊन त्यांनी हिवाळा काढला. पुढील जूनमध्ये एकदा त्या होड्या साऱ्या सामानासकट वाहून जाऊ लागल्या, तेव्हा नान्सेनने गोठत्या पाण्यात उडी घेऊन त्या पकडल्या. पाचच दिवसांनी, १७ जून १८९६ रोजी, फ्रेडरिक जॅक्सन या इंग्रज प्रवाशाची व त्यांची अकस्मात गाठ पडली. ऑगस्टमध्ये ते नॉर्वेस पोहोचले आणि थोड्याच दिवसांत फ्राम जहाजही सुखरूप परत आले. नान्सेनच्या नमुन्याच्या गाड्या पुढे दक्षिण ध्रुवाकडे जाणाऱ्या अनेक मोहिमांनी वापरल्या.

यानंतर नान्सेनने ध्रुवाचा नाद सोडला. त्याने समुद्रविज्ञानाचा अभ्यास केला आणि लंडन येथे नॉर्वेचा वकील म्हणूनही काम पाहिले. पहिल्या महायुद्धानंतर निरनिराळ्या देशांत अडकून पडलेल्या कैद्यांस घरी पोहोचविण्याचे काम राष्ट्रसंघाने त्याच्याकडे सोपविले. १९२० ते १९२२ या काळात सव्वाचार लाखांवर कैदी आपापल्या देशी परतले. गाडीवरील सामानाचे किलो मोजणारा हा गृहस्थ आता आगगाड्या, जहाजे आणि भाकरी मोजू लागला. रशियात दुष्काळ पडला तेव्हा धान्यासाठी त्याने सरकारांची दारे ठोठावली; पुष्कळांनी ती उघडली नाहीत. ज्यांस कोणताच देश आपले म्हणेना, अशा निर्वासितांना त्याने एक ओळखपत्र मिळवून दिले. त्यास नान्सेन पासपोर्ट असे नाव पडले. १९२२ साली त्यास शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले; ती रक्कमही त्याने मदतकार्यास दिली.

१३ मे १९३० रोजी ऑस्लोजवळच्या आपल्या घरी नान्सेनचा अंत झाला. निर्वासितांचे काम पुढे चालविण्यासाठी राष्ट्रसंघाने त्याच्या नावाने एक कचेरी उघडली. १९३८ साली त्या कचेरीसही शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.