परिचारिकांची शाळा काढणारी बाई : फ्लॉरेन्स नाइटिंगेल

१२ मे जवळ आला की नर्सिंग कॉलेजांतून पांढऱ्या गणवेशातल्या मुलींचे फोटो येऊ लागतात. हातात दिवा आणि तोंडी शपथ. ही शपथ फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाने घेतात, पण ती त्यांनी लिहिलेली नाही. १८९३ मध्ये अमेरिकेत ती तयार झाली. त्यांचा दिवाही चित्रात असतो तसा तेलाचा नव्हता, घडी घालता येणारा तुर्की कंदील होता. नाइटिंगेलबाईंबद्दल आपल्याला जे माहीत असतं, त्यातलं बरंचसं असं चित्रातूनच आलेलं असतं. त्यांचं मोठं काम दिव्याच्या उजेडात झालं नाही. ते झालं टेबलाशी बसून, आकडे मांडून, पत्रं लिहून आणि एक शाळा चालवून. रोग्याची सेवा हे शिकून करायचं आणि पगार घेऊन करायचं काम आहे, हे त्यांनी इस्पितळांच्या गळी उतरवलं.

फ्लॉरेन्सचा जन्म १२ मे १८२० चा, इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरातला. गावाचंच नाव मुलीला ठेवलं. थोरली बहीण नेपल्समध्ये जन्मली, म्हणून तिला त्या शहराचं जुनं ग्रीक नाव मिळालं, पार्थेनोपी. घर इंग्लंडमधलं, श्रीमंत. वडिलांनी दोघी मुलींना घरीच लॅटिन, ग्रीक, इतिहास शिकवला. फ्लॉरेन्सला गणिताची विशेष गोडी. सोळा वर्षांची असताना, फेब्रुवारी १८३७ मध्ये, देवाने आपल्याला सेवेसाठी बोलावलं आहे असं तिला वाटलं. पण कसली सेवा, हे उमगायला काही वर्षं गेली.

उमगलं तेव्हा घरात वादळ उठलं. १८४५ मध्ये तिने जवळच्या सॉल्सबरीच्या इस्पितळात काम शिकायची परवानगी मागितली आणि घरच्यांनी साफ नकार दिला. त्यांचाही सगळा दोष नव्हता. त्या काळी पैसेवाल्यांवर घरीच उपचार होत. इस्पितळात जायचे ते गरीब. तिथे काम करणाऱ्या बायकांना कुणी काही शिकवलेलं नसे. फरशी पुसणाऱ्या बाईनेच जखमही बांधायची. पगार नावापुरता, झोपायला वॉर्डाशेजारचा कोपरा आणि दारूचं व्यसन बऱ्याच जणींना. डिकन्सने आपल्या एका कादंबरीत अशी दारुडी नर्स रंगवली तेव्हा वाचकांनी तिला लगेच ओळखलं. चांगल्या घरच्या मुलीने हे काम करायचं म्हणजे घराण्याची अब्रू गेली, असंच सगळे समजत. आपल्याकडेही नर्सिंगला निघालेल्या कित्येक मुलींनी घरात हेच ऐकलेलं आहे.

फ्लॉरेन्सने चांगलं स्थळ नाकारलं आणि पहाटे उठून इस्पितळांचे अहवाल वाचत राहिली. १८५१ मध्ये तिला जर्मनीतल्या कैझर्सवर्थ इथे तीन महिने राहता आलं. पास्टर फ्लीडनर यांनी तिथे सेविकांची संस्था काढली होती. शिस्त आणि श्रद्धेने चाललेलं काम तिने तिथे पाहिलं. १८५३ मध्ये लंडनमधल्या हार्ली स्ट्रीटवर, आजारी स्त्रियांच्या एका छोट्या रुग्णालयाची व्यवस्था तिच्याकडे आली.

पुढच्याच वर्षी ब्रिटन क्रिमियाच्या युद्धात उतरलं. जखमी ब्रिटिश सैनिकांचे हाल वर्तमानपत्रांत छापून आले आणि देश हळहळला. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट त्यांच्या ओळखीचे. त्यांच्या विनंतीवरून ३८ परिचारिका घेऊन बाई निघाल्या आणि ४ नोव्हेंबर १८५४ रोजी इस्तंबूलसमोरच्या स्कुतारीला पोचल्या. या ३८ जणींत १० कॅथलिक नन्स होत्या, काही अँग्लिकन सिस्टर्स आणि काही पगारी नर्सेस. एकमेकींशी पटणं अवघड, आणि लष्करी डॉक्टरांना तर कुणीच नको होत्या. बाईंनी भांडण केलं नाही. डॉक्टर बोलावतील तेव्हाच वॉर्डात जायचं, असा हुकूम त्यांनी आपल्या परिचारिकांना दिला. थोड्याच दिवसांत जखमींची इतकी गर्दी झाली, की डॉक्टरांनीच त्यांना बोलावलं.

मग बाईंनी घर भाड्याने घेऊन कपडे उकळून धुवायची सोय केली. सदरे, चादरी, ब्रश, भांडी, पथ्याचं जेवण असं एकेक मिळवलं. रात्री कंदील घेऊन मैलोगणती खाटांमधून फेरी मारली. इंग्लंडमध्ये त्यांची चित्रं विकली जाऊ लागली. तरीही रोगी मरतच होते. फेब्रुवारी १८५५ मध्ये स्कुतारीला दर १०० रोग्यांमागे सुमारे ४२ दगावले. गोळी लागून मरणाऱ्यांपेक्षा जुलाब, कॉलरा आणि तापाने मरणारे कितीतरी जास्त. मार्चमध्ये सरकारने स्वच्छतेचं एक पथक पाठवलं. त्याने इमारतीखालची तुंबलेली गटारं उपसली, पाण्याची वाट साफ केली, भिंतींना चुना फासला. जूनपर्यंत मृत्यूचं प्रमाण शेकडा २ च्या आसपास आलं.

बाईंच्या आयुष्यातली सगळ्यांत कठीण गोष्ट यानंतर घडली. युद्धात असताना त्यांना वाटत होतं की सैनिक उपासमारीने आणि उशिरा दाखल झाल्याने मेले. १८५६ मध्ये परत आल्यावर विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाबरोबर त्यांनी सगळे आकडे तपासले आणि उत्तर वेगळंच निघालं. माणसं मारली होती इस्पितळाच्या घाणीने, आणि त्याच इस्पितळात आपण रात्रंदिवस राबत होतो! देश पूजा करत असताना त्यांनी हे लपवलं नाही. मंत्र्यांना चटकन कळावं म्हणून वर्तुळाकार रंगीत आकृत्या काढून मांडलं. लंडनच्या संख्याशास्त्रीय संस्थेने पहिली महिला सदस्य म्हणून त्यांची निवड केली. आजाराने त्या बराच काळ अंथरुणाला खिळल्या, पण काम अंथरुणातूनच चालू राहिलं.

लोकांनी कृतज्ञतेने सुमारे ४५,००० पौंडांचा निधी जमवला होता. त्यातून १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात परिचारिकांची शाळा सुरू झाली. नर्स म्हणजे मोलकरीण, तिला शिकवायचं ते काय, असं तिथल्याच एका ज्येष्ठ सर्जनचं मत होतं. शाळेत मुलींना वर्षभराचं शिक्षण, राहायला स्वतंत्र वसतिगृह, जेवण, गणवेश आणि थोडा हातखर्च मिळे. त्यांच्यावर अधिकार चाले तो मेट्रनचा, म्हणजे स्त्रीचा. हे फार महत्त्वाचं. औषध डॉक्टरने सांगायचं, पण परिचारिकेचं काम कसं झालं हे परिचारिकेनेच तपासायचं, हा नियम इथून रुजला.

शाळा काही पहिल्या दिवसापासून आदर्श नव्हती. १८७२ च्या सुमारास बाईंनी नीट पाहणी केली तेव्हा कळलं, की वर्ग धड होत नाहीत आणि शिकाऊ मुलींना स्वस्तातल्या कामकरणींसारखं राबवलं जातंय. त्यांनी शिकवणारे बदलले आणि विद्यार्थिनींना स्वतः भेटू लागल्या. इथून शिकून निघालेल्या मुली दूरदूर गेल्या. ॲग्नेस जोन्स लिव्हरपूलच्या अनाथ-गरिबांच्या इस्पितळात गेली आणि तिथेच १८६८ मध्ये तापाने वारली. त्याच वर्षी ल्यूसी ऑस्बर्न पाच जणींना घेऊन सिडनीला पोचली.

हिंदुस्थानात बाई कधीच आल्या नाहीत. पण इथल्या लष्करी छावण्यांना छापील प्रश्नावल्या पाठवून त्यांनी माहिती गोळा केली. १८६३ च्या शाही आयोगाच्या अहवालात दिसलं, की इथे दर हजार ब्रिटिश सैनिकांमागे वर्षाला ६९ जण मरतात, आणि तेही मुख्यतः रोगाने. पुढे त्यांचं लक्ष खेड्यांकडे वळलं. गावांच्या स्वच्छतेबद्दल पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता.

एका बाबतीत मात्र काळाने त्यांचं ऐकलं नाही. १८८७ नंतर इंग्लंडमधल्या काही परिचारिकांनी डॉक्टरांप्रमाणे आपलीही सरकारी नोंदणी व्हावी अशी मागणी केली. बाईंनी विरोध केला. परीक्षेत पाठांतर कळतं, माणूस कळत नाही, असं त्यांना वाटे. यात तथ्य होतं. पण नोंदणी नसेल तर कुणीही टोपी घालून नर्स म्हणवून घेऊ शकते, हेही तितकंच खरं. इंग्लंडमध्ये नोंदणीचा कायदा १९१९ मध्ये झाला. तेव्हा बाईंना जाऊन नऊ वर्षं झाली होती.

१३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी त्या वारल्या. वेस्टमिन्स्टर ॲबीत दफनाचा मान देऊ केला होता. त्यांच्या इच्छेप्रमाणे घरच्यांनी तो नाकारला. ईस्ट वेलोच्या चर्चच्या आवारातल्या दगडावर फक्त आद्याक्षरं आणि तारखा आहेत.

मित्रहो, आपण नर्सला सिस्टर म्हणतो. हा शब्द मठांतून, सेवेच्या जुन्या परंपरेतून आला आणि तो गोडच आहे. पण नुसतं बहीण म्हणून भागत नाही, हे नाइटिंगेलबाईंनी फार आधी ओळखलं होतं. कधी इस्पितळात जाणं झालं तर सहज चौकशी करून पाहा : रात्री एका नर्सकडे किती रोगी असतात? तिला बसायला, जेवायला जागा आहे का? नव्याने आलेल्या मुलीला कुणी शिकवतं का, की पहिल्याच दिवशी वॉर्ड तिच्यावर सोडून देतात? आणि रोग्याबद्दल ती काही सांगू लागली, तर डॉक्टर थांबून ऐकतात का? बाई असत्या तर त्यांनी हे सगळं एका छापील फॉर्मवर विचारलं असतं, आणि उत्तर येईपर्यंत पत्रं पाठवत राहिल्या असत्या.