कमालुद्दीन फारसी आणि पाण्याने भरलेला काचगोल

इंद्रधनुष्याचे कोडे उलगडणारे कमालुद्दीन अल-फारसी (हिजरी ६६५–७१८, इ.स. १२६७–१३१९) हे इराणचे. पाण्यात शिरताना प्रकाशकिरण का वाकतो, हा प्रश्न घेऊन ते आपले उस्ताद कुतुबुद्दीन शिराजी यांच्याकडे गेले. उस्तादांना तरुणपणी एका ग्रंथालयात पाहिलेला इब्न अल-हैसम यांचा ‘किताब अल-मनाझिर’ आठवला. दूर देशाहून त्याची प्रत मागवून त्यांनी ती शागिर्दाच्या हाती दिली.

इंद्रधनुष्याच्या प्रश्नापाशी मात्र शागिर्द थांबला. ओलसर ढग अंतर्गोल आरशासारखा प्रकाश परतवतो, असे इब्न अल-हैसम मानीत. जवळजवळ तीनशे वर्षांपूर्वीच्या एवढ्या थोर आलिमाचे मत बाजूला ठेवायचे? मदरशात शिकलेल्या कोणाचीही जीभ येथे अडखळेल. कमालुद्दीन यांनी प्रयोग केला. अंधाऱ्या खोलीत पाण्याने भरलेला काचगोल ठेवला, जणू एक मोठा थेंबच, आणि त्यावर सूर्यकिरण सोडले. गोलाचा धागाही त्यांना इब्न अल-हैसम यांच्याच दुसऱ्या एका लेखनात सापडला होता! किरण आत शिरताना वाकतो, मागच्या बाजूवरून परततो आणि बाहेर पडताना पुन्हा वाकतो. आत दोनदा परतला, तर उलट रंगक्रमाचे फिकट, दुसरे धनुष्य दिसते. रंगांचा उगम मात्र पुढे न्यूटन यांच्या लोलकाने स्पष्ट केला.

हे सारे त्यांनी ‘तन्कीह अल-मनाझिर’मध्ये नोंदवले, तेही इब्न अल-हैसम यांच्या ग्रंथावरील भाष्य म्हणूनच. तो अरबी ग्रंथ १९२८ ते १९३० या काळात हैदराबादच्या दाइरतुल मआरिफने दोन खंडांत छापला. आपले शहर तेव्हा त्याच राज्यात होते.