विश्लेषण : गर्भपात रोखणारा ‘शिरोडकर टाका’ कोणी शोधला? नवे संशोधन काय सांगते?

पालघर असो वा बोईसर, प्रसूती कक्षातील परिचारिकांना ‘शिरोडकर टाका’ हे शब्द नवे नाहीत. मात्र हे शिरोडकर कोण, हे अनेकांना ठाऊक नसते.

कोण होते डॉ. शिरोडकर?
डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांचा जन्म २७ एप्रिल १८९९ रोजी गोव्यातील शिरोडा येथे झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमधून १९२३ मध्ये ते एमबीबीएस आणि १९२७ मध्ये एमडी झाले. १९३१ मध्ये इंग्लंडमधून एफआरसीएस मिळवून ते मुंबईत परतले आणि ग्रँटमध्येच अध्यापन करू लागले.

टाक्याची गरज का भासली?
काही महिलांचे गर्भाशयाचे तोंड चौथ्या ते सहाव्या महिन्यात कळा न येताच उघडते आणि गर्भपात होतो. पुढच्या खेपेलाही तेच घडू शकते. त्या काळी विश्रांतीपलीकडे फारसा उपाय नव्हता. शिरोडकरांनी रुग्णाच्याच मांडीतील चिवट आवरणाची पट्टी काढून तिने गर्भाशयाचे तोंड बांधले. ही पद्धत १९५५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि जगभर पोहोचली. १९५७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मॅकडोनाल्ड यांनी तिचा सोपा प्रकार मांडला. १९६० मध्ये पद्मभूषण आणि १९७१ मध्ये पद्मविभूषणने शिरोडकरांचा गौरव झाला. ७ मार्च १९७१ रोजी त्यांचे निधन झाले.

नवे संशोधन काय सांगते?
टाक्यासाठी कोणता धागा चांगला, याची चाचणी ब्रिटनमध्ये २,०४९ महिलांवर झाली. २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’ने निष्कर्ष छापले. एकेरी धाग्यात ८ टक्के, तर विणलेल्या धाग्यात ७.६ टक्के महिलांनी बाळ गमावले. म्हणजे फरक नगण्य. त्याआधी २०१३ मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासात, गर्भाशयाचे तोंड आखूड असलेल्या ज्या महिलांना हालचाल कमी करण्यास सांगितले होते, त्यांच्यात ३७ टक्क्यांची प्रसूती मुदतीपूर्वी झाली. इतरांत हे प्रमाण १७ टक्के होते. विश्रांती सांगितलेल्या महिला मुळातच अधिक जोखमीच्या असू शकतात. पण विश्रांतीचा फायदा दिसला नाही, हे नक्की.

पालघरसाठी महत्त्वाचे काय?
टाका साधारण ३६ ते ३७ व्या आठवड्यात काढतात. तो तसाच असताना कळा सुरू झाल्या तर गर्भाशयाचे तोंड फाटू शकते. जव्हार, मोखाडा, विक्रमगडची अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा अन्य कामासाठी स्थलांतर करतात. टाका एका रुग्णालयात आणि कळा दुसऱ्याच गावात, असे घडू शकते. त्यामुळे टाका घातल्याची आणि काढण्याची तारीख माता व बाल संरक्षण कार्डावर ठळक लिहिणे आणि आशाताईंना कळवणे गरजेचे आहे. रक्तस्राव, पाणी जाणे, ताप किंवा पोटात कळा, यापैकी काहीही जाणवल्यास तारखेची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठावे आणि टाका असल्याचे आधी सांगावे.